शेवटच्या पंगतीला बसणारा पुढारी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं बालपण दौंडच्या रेल्वे चाळीत गेलं. वडील लोकोशेडमध्ये फिटर होते. चाळीत सगळ्या जातिधर्मांची बिऱ्हाडं होती आणि आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती मावशी राहत. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. आमच्या भागात आजही केडगाव म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कोणतं? नगरचं की मुक्तीचं?’ पुणे-दौंड शटल केडगाव स्टेशनावर थांबायची, तेव्हा मावशी खिडकीकडं तोंड करून क्षणभर हात जोडायच्या, हे मी अनेकदा पाहिलंय.

मावशींची एक सवय होती. चाळीत कुणाचंही लग्न, बारसं, ईद, नाताळ, काहीही असो, वाढायला त्या पदर खोचून उभ्या राहत आणि जेवायला बसत सगळ्यात शेवटी. माझी आई म्हणायची, ‘मावशी, आता तरी बसा की.’ त्या हसून म्हणायच्या, ‘भाभी, वाढणाऱ्याचं पोट शेवटीच भरतं.’ एखाद्या वेळी रस्सा संपलेला असे. मग त्या भातावर मीठ-तेल घेऊन जेवत. पण चेहऱ्यावर आपण काही त्याग वगैरे केला असा भाव नसे.

पुढं कॉलेजात बी. ए.ला असताना मी कुतूहलानं बायबलचा नवा करार वाचला, तेव्हा मावशींचं ते वाक्य मला तिथं वेगळ्या रूपात भेटलं. ख्रिस्ती धर्मातली पुढारपणाची कल्पना नेमकी काय आहे आणि ती निरपेक्ष देण्याशी अशी घट्ट का बांधलेली आहे, याविषयी आज थोडं बोलायचं आहे. मी मुसलमान आहे. आमच्या श्रद्धेत येशू हे हजरत ईसा, अल्लाहचे पैगंबर. त्यांच्याविषयी ख्रिस्ती बांधव जे मानतात ते सगळं आम्ही मानत नाही. तेव्हा मी बोलतोय तो शेजाऱ्याच्या नात्यानं. शेजाऱ्याला घरातलं सगळं कळत नाही, पण भिंतीपलीकडचं बरंच ऐकू येतं.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. त्या काळचा पॅलेस्टाइन डोळ्यांसमोर आणा. धुळीचे रस्ते, पायात साध्या वहाणा. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय धुवायचे, ही रीत. ते काम करायचं कुणी? घरातल्या गुलामानं, आणि तोही हलक्यातला हलका. त्या रात्री खोलीत तेरा माणसं होती आणि गुलाम कुणीच नव्हता. म्हणजे पाय कुणी धुवायचे हा प्रश्न होता आणि तो कुणी सोडवत नव्हतं. तेव्हा येशू ख्रिस्त उठले, अंगावरचं वरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल गुंडाळला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांच्या पायाशी बसले.

पेत्र नावाचा शिष्य चांगलाच अस्वस्थ झाला. गुरूनं आपल्या पायाला हात लावायचा? त्यानं पाय मागं घेतला. पेत्राची ही अस्वस्थता मला फार खरी वाटते. आपला वरिष्ठ आपल्यासाठी खाली बसला, की आपल्याला बरं वाटत नाही, भीती वाटते. कारण तो जर पाय धुणार असेल, तर उद्या आपल्यालाही कुणाचे तरी धुवावे लागतील. आणि नेमकं तेच येशूंनी त्यांना पुढं सांगितलं. गुरू म्हणवून घेणाऱ्यानं हे केलं, तेव्हा तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. ही शिष्यमंडळी आपापसात वरचेवर भांडत असत, ती आपल्यात मोठा कोण यावरून. याकोब आणि योहान या दोघा भावांनी तर राज्य आल्यावर आम्हाला तुमच्या उजव्या-डाव्या हाताला बसवा, अशी आगाऊ मागणीच नोंदवली होती. (तिकिटासाठी रांग लावण्याची कला किती जुनी आहे पाहा!) त्यावर मार्कच्या शुभवर्तमानातलं येशूंचं उत्तर असं, की जगातले राजे लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं असू नये. ज्याला पहिलं व्हायचं असेल त्यानं सगळ्यांचं दास व्हावं. आणि लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळीच ते विचारतात, की पंगतीला बसलेला मोठा की वाढणारा? जग म्हणतं, बसलेला. पण मी तुमच्यात वाढप्यासारखा आहे. आमच्या मावशींचं वाक्य मला सापडलं ते इथं.

या कल्पनेचा ठसा ख्रिस्ती चर्चच्या शब्दांवरही उमटलेला आहे. चर्चमध्ये ‘डीकन’ नावाचं एक पद असतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक, वाढपी. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेले पहिले ग्रेगरी स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत आणि ते बिरुद पुढं पोपच्या पदाला कायमचं चिकटलं. आपल्याकडं मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. म्हणजे मेंढरं पाळणारा, मेंढपाळ. मेंढपाळ कळपाच्या पुढं चालतो, पण रात्री कुंपणाशी तोच झोपतो आणि लांडगा आला तर आधी त्याच्याशी गाठ पडते. गंमत अशी, की आमच्याकडं लोक त्याला ‘पाळकसाहेब’ म्हणतात. मेंढपाळाला साहेब करून टाकलं की त्यानं कुंपणाशी झोपायची गरज उरत नाही. हा दोष एकट्या ख्रिस्ती मंडळींचा नाही. आमच्याकडंही कौमचा सरदार तो कौमचा खादिम असं म्हणायची पद्धत आहे आणि मग खादिमासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवायचीही पद्धत आहे.

बिरुद सेवकाचं आणि थाट राजाचा, असे पोप आणि बिशप इतिहासात कमी झाले नाहीत. मार्टिन ल्यूथरनं १५१७ साली बंड केलं, त्यामागं पापक्षमेची पत्रं विकून पैसा उभा करण्याची पद्धत होती. म्हणजे देण्याचा धर्म घेण्याचा झाला, त्याविरुद्धचंच ते बंड. हे सगळं खरं असूनही मूळ कल्पना मेली नाही. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. विधीचं रूपांतर नाटकात व्हायला वेळ लागत नाही, हे कबूल. पण २०१३ साली काय झालं ते आठवा. नुकतेच पोप झालेले फ्रान्सिस हा विधी करायला भव्य चर्चमध्ये न जाता रोममधल्या किशोरवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले. बारा कैद्यांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्या दोघींतली एक मुसलमान होती. तोवर या विधीसाठी पुरुषच निवडावेत असा नियम होता. तो त्यांनी आधी मोडला आणि तीन वर्षांनी, २०१६ साली, बदलला. ते एप्रिल २०२५मध्ये गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो शहात्तर वर्षांचा गुडघे टेकलेला म्हातारा. त्या मुलीला तो आपल्या धर्मात ओढत नव्हता. तिचे पाय धुऊन, पुसून, त्यांचं चुंबन घेऊन तो पुढच्या कैद्याकडं सरकला.

आता देण्याविषयी. मराठीत ‘देणं’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. देणं म्हणजे दान आणि देणं म्हणजे कर्जही. ‘त्याचं माझ्याकडं देणं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा उपकार आपण करत नसतो, फेड करत असतो. कवी म्हणून मी या शब्दावर बराच रेंगाळलोय. ख्रिस्ती विचारात दान या दुसऱ्या अर्थाच्या जवळ जातं. जे आहे ते मुळात माझं नव्हतंच, मला मिळालेलं होतं, म्हणून ते पुढं द्यायचं. तुरुंगात असताना पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिलं. ख्रिस्तानं आपली बरोबरी, आपला मान धरून न ठेवता स्वतःला रिकामं केलं, असा त्याचा आशय आहे. ‘रिकामं करणं’ हा शब्द महत्त्वाचा. भांड्यात वर तरंगणारी साय काढून देणं वेगळं आणि भांडं पालथं करणं वेगळं. येशूंनी मंदिरातल्या दानपेटीजवळ बसून पाहिलं, तेव्हा श्रीमंत मोठमोठ्या रकमा टाकत होते. एका गरीब विधवेनं तांब्याची दोन नाणी टाकली. ते म्हणाले, सगळ्यांत जास्त हिनं दिलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि हिनं जगायला लागणारं दिलं.

आमच्या जकातीचा हिशेब याहून वेगळा आहे. वर्षभर बाळगलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा द्या, बाकी तुमचं. तो गरिबाचा हक्क आहे, उपकार नाही. व्यवहारी माणसाला हे बरं पडतं. आकडा ठरलेला असला की पळवाट राहत नाही. ख्रिस्ती विचारात असा आकडा सांगून हिशेब मिटत नाही, आणि पुढाऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्याला विचारलं जातं ते इतकंच, की तू स्वतःसाठी काय ठेवलंस?

या प्रश्नाला अंगावर घेणारी माणसं निघाली. बेल्जियमचे फादर डेमियन हे त्यांतलं जगाला ठाऊक असलेलं नाव. हवाई बेटांवर त्या वेळी कुष्ठरोग्यांना पकडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला सोडून देत. मागं उंच कडा, पुढं समुद्र. १८७३ साली, तेहेतिसाव्या वर्षी, डेमियन तिथं गेले. त्यांनी घरं बांधली, पाणी आणलं, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या, जखमा धुतल्या, रुग्णांच्याच ताटात जेवले. अकरा-बारा वर्षांनी त्यांनाही तो रोग जडला आणि १८८९ साली ते तिथंच वारले. पोप बेनेडिक्ट यांनी २००९ साली त्यांना संतपद दिलं. डेमियनचं देणं देहाचं होतं आणि ते सरळ उठून दिसतं. मला आज ज्यांच्याविषयी बोलायचंय त्यांचं देणं इतकं उघड नव्हतं. ते रोजच्या स्वयंपाकासारखं होतं. अर्थात, मी केडगावकडंच वळणार हे तुम्ही ओळखलं असेल.

पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा माणूस, म्हणजे आपल्या परीनं मोठाच बंडखोर. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भारतभर फिरलं. रमाबाईंनी पुढं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की जवळ होतं ते सगळं आईवडिलांनी पुण्याच्या आशेनं तीर्थाच्या ठिकाणी दानधर्मात घातलं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. भांडीकुंडी विकली. मग रानातला पाला खाऊन दिवस काढले. त्यातच वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ.

म्हणजे ही मुलगी दान पाहतच वाढली होती. आणि दान करून माणसं उपाशी मेलेलीही तिनं पाहिली होती. पुढं देण्याविषयी त्या इतक्या हिशेबी आणि तरीही इतक्या बेहिशेबी कशा झाल्या, याचं मूळ मला इथं दिसतं. कुणाला द्यायचं? जो आधीच पोटभर जेवलाय त्याला देऊन पुण्य साठवायचं, की ज्याच्या पोटात पाला आहे त्याला द्यायचं?

१८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. दीड-पावणेदोन वर्षांत तेही गेले. हातात तान्ही मनोरमा घेऊन चोवीस वर्षांची ही विधवा १८८२ साली पुण्याला आली आणि तिनं आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ साली इंग्लंडची वाट धरली आणि त्याच वर्षी वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला.

तो का घेतला? नुसत्या वादविवादातून हे घडलं नाही. लंडनमध्ये फुलहॅम इथं तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी समाजानं टाकलेल्या, ‘वाईट चालीच्या’ म्हणून हिणवलेल्या बायांसाठी आश्रम चालवला होता. रमाबाईंनी तो पाहिला. चांगल्या घरच्या बाया या अभागी बायांची मायेनं काळजी घेतात, हे त्यांना नवीन होतं. असं तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. आपलं मन ख्रिस्ताकडं वळलं ते तिथं, असं रमाबाई लिहितात. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी हात दिसले आणि मग त्या हातांमागचं कारण विचारलं गेलं.

पण चर्चपुढं त्यांनी मान तुकवली असं नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो वाचण्यासारखा आहे. मी डोळे उघडे ठेवून ख्रिस्ती झालेय, माझ्या सद्सद्विवेकावर दुसऱ्या कुणा धर्माधिकाऱ्याची सत्ता चालणार नाही, असा त्यांचा पवित्रा. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, असाही वाद घातला. सेवा म्हणजे गुलामी नव्हे, हे इथं लक्षात येतं. जो आधी स्वतःचा मालक आहे तोच स्वतःहून दास होऊ शकतो.

अमेरिकेत त्या १८८६ साली गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी म्हणजे पुढं धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या आनंदीबाई. कर्व्यांचं हिंगण्याचं काम आपण सगळे जाणतो. रमाबाईंच्या घरात लावलेलं रोप असं दुसऱ्याच्या अंगणात वाढलं, आणि त्यांना ते चाललं.

आता तो प्रश्न. मला तो टाळायचा नाही, कारण तो टाळून या विषयावर बोलणं म्हणजे शेजाऱ्याचं खोटं कौतुक. ख्रिस्ती सेवेविषयी आपल्याकडं नेहमी विचारलं जातं, की हे देणं निरपेक्ष कसं? भाकरीच्या बदल्यात धर्म मागितला, तर तो सौदा झाला. शारदा सदनावर हाच आरोप आला. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलं होतं. ब्राह्मण विधवांना आपले सोवळ्याचे नियम पाळता यावेत, अशी स्वयंपाकाची व्यवस्थाही होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ साली सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझं दार मी का लावून घेऊ?

दोन्ही बाजू मला कळतात. ज्याच्या हाती ताट आहे, त्याच्या उघड्या दाराला एक वजन असतं. आश्रयाला आलेली पोर त्या वजनाखाली काय निवडते, ते निवडणं किती मोकळं, हे सांगणं कठीण. पुढं केडगावची संस्था तर उघडपणे ख्रिस्तीच झाली आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. तेव्हा ‘त्याचा काही संबंध नव्हता’ असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या बाजूला हेही विचारावं लागतं, की त्या पोरींना घरात घ्यायला तेव्हा दुसरं दार कोणतं उघडं होतं?

कारण १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. स्वतः पाला खाल्लेल्या बाईला त्या बातम्या वाचवेनात. त्या तिकडं गेल्या. दुष्काळी छावण्यांमध्ये अनाथ मुली आणि तरण्या विधवांचे कसे हाल होतात, कोण त्यांना उचलून नेतं, हे त्यांनी पाहिलं. ठेवायला जागा नव्हती, पुरेसा पैसा नव्हता. तरी शेकडो मुली घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग करून संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. त्या माळावर राहुट्या ठोकल्या. तीच ‘मुक्ती’. १९००च्या सुमारास गुजरातचा दुष्काळ झाला आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडं! आपल्याकडं लग्नात दोनशे पानं वाढताना घरमालकाला घाम फुटतो.

त्याच प्लेगच्या धामधुमीत आणखी एक गोष्ट घडली. सरकारी प्लेग रुग्णालयात बायांची कशी हेळसांड होते, याविषयी रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती राणीचं, मदत विलायतेची आणि अमेरिकेची. गप्प राहणं सोयीचं होतं. पुढाऱ्याला पैसा नि वेळ देणं एक वेळ जमतं. सरकारदरबारची मर्जी देऊन टाकणं जास्त अवघड.

मुक्तीत त्यांनी काय केलं? विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना. मुलींना वाढून दिलं एवढंच नव्हे, तर वाढायला शिकवलं. अंधांसाठी वेगळं घर केलं आणि मनोरमेनं त्यांना ब्रेल शिकवली. फसवल्या गेलेल्या, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायांसाठी ‘कृपासदन’ काढलं. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते असं भीमेच्या खोऱ्यात आलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ती मुदत १८९८ साली संपली. त्यानंतर येईल त्या मदतीवर आणि प्रार्थनेवर रमाबाईंनी संस्था चालवली. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं हा वेडेपणाच. स्वतःच्या अंगावर पांढरं साधं लुगडं. स्वतःच्या नावावर काय होतं, तर काम.

इथं मला एक माझंच सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ट्रस्टच्या कामात होतो. रमजानमध्ये जकातीच्या पैशांतून आम्ही गरीब घरांना धान्य वाटलं. गहू, तेल, साखर, शेवया. एका पिशवीला आम्ही सहा जण हात लावून उभे होतो आणि समोर फोटोवाला. पिशवी घेणारी बाई चाळिशीची असेल. तिनं पदर पुढं ओढून तोंड झाकलं. फोटोवाला म्हणाला, ‘खाला, जरा इधर देखो.’ ती बघेना. आमच्यापैकी कुणीतरी पुन्हा तसंच म्हणालं. खरं सांगायचं तर, तो मीच होतो. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं बायबलमध्ये येशू सांगतात. आमच्या हदीसमध्येही तसंच आहे. दोन्ही मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. मी ठळक दिसत होतो, आणि तिचा फक्त पदर.

तो पेपर घेऊन मी आईकडं गेलो. आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘मावशी अशा उभ्या राहायच्या का रे कधी?’ बस्स, एवढंच. पुढच्या रमजानमध्ये मी मंडळींपुढं विषय काढला, की पिशव्या रात्री घरोघर नेऊन ठेवू या, फोटो नको. फोटो नसेल तर देणगीदार पुढच्या वर्षी येणार नाहीत, असं उत्तर मिळालं. त्यात तथ्य होतं, हे मी नाकारत नाही. संस्था चालवायची म्हणजे हिशेब दाखवावा लागतो. रमाबाईंनाही अमेरिकेला अहवाल पाठवावे लागत आणि दुष्काळातल्या मुलींचे फोटो त्यांच्याही पुस्तिकांत छापले गेले. तेव्हा मी त्यांना ‘शुद्ध’ आणि आम्हाला ‘भेसळ’ असं म्हणत नाही. फरक एवढाच, की फोटो झाल्यावर त्या त्या मुलींबरोबर राहिल्या आणि आम्ही घरी गेलो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांचं सांगून थांबतो. अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बाईला कळलं पाहिजे, अशी मराठी. ‘पंडिता’ ही पदवी मिळवलेल्या, संस्कृत श्लोक जिभेवर असलेल्या बाईनं आपली विद्वान भाषाच उतरवून ठेवली. वरचं वस्त्र काढून ठेवावं तशी. भाषेवर जगणारा माणूस म्हणून सांगतो, पैसा देता येतो, पण आपली कमावलेली शैली सोडून देणं फार जड जातं. वय झालेलं, कान अधू झालेले. तरी भाषांतर, तपासणी, मुद्रितं चालूच. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बाया. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या.

१९२१ सालच्या जुलैत मनोरमा गेली. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. शेवटची मुद्रितं त्यांनी तपासून पूर्ण केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा प्राण गेला, असं सांगतात. ते बायबल छापून, बांधून बाहेर आलं १९२४ साली.

आमच्या मावशींकडं त्याची एक प्रत होती. पुठ्ठा निघालेला, पानं तपकिरी. मावशींच्या आईनं मुक्तीच्या छापखान्यात काम केलं होतं. लहानपणी मी एकदा विचारलं, ‘मावशी, यात तुमच्या आईचं नाव कुठं आहे?’ त्यांनी पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे खिळे तिनं लावलेत.’ मी ते पान खालीवर पाहिलं. नाव कुठंच नव्हतं.